कार्नेशनला झोप का लागली?

लग्नसराईतला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सजावटवाल्याने सकाळी प्रत्येक टेबलाच्या मधोमध कार्नेशनच्या फुलांचा गुच्छ मांडला. शोभा वाढावी म्हणून शेजारी सफरचंदे आणि पिकलेली केळी यांची परडी ठेवली. फुले टवटवीत होती, भांड्यात पाणी भरपूर होते. दुसऱ्या दिवशी स्वागतसमारंभाच्या वेळी पाहावे तो पाकळ्या आत वळलेल्या आणि फुले मिटलेली! यजमान सजावटवाल्यावर चिडले, “शिळी फुले आणलीत.” सजावटवाला फुलांच्या व्यापाऱ्यावर चिडला. व्यापारी शपथेवर सांगू लागला की फुले पहाटेच आली होती.

मग चूक कोणाची? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरातील फूलउत्पादकांपुढे असाच प्रश्न उभा राहिला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता वनस्पतींविषयीची आपली समजूतच बदलली.

गॅसच्या दिव्यांचा काळ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक शहरांत अजून गॅसचे दिवे जळत असत. दगडी कोळसा हवेशी संपर्क येऊ न देता तापवला की ज्वलनशील वायूंचे मिश्रण मिळते. ते जमिनीखालच्या नळांतून घरोघरी आणि रस्त्यांवर पोचवले जाई. आपल्या मुंबईच्या रस्त्यांवरही १८६५ साली असे दिवे लागले होते.

नळ म्हटले की गळती आलीच. गळक्या नळांजवळची झाडे अवेळी पाने गाळतात, असे निरीक्षण १८६४ सालीच नोंदले गेले होते. शिकागोत हा फटका काचगृहांतल्या कार्नेशनला बसला. उमललेली फुले मिटत, कळ्या उघडतच नसत. फूलवाले म्हणत, फुलांना ‘झोप’ लागली. अशी झोपलेली फुले विकत कोण घेणार? नुकसान मोठे होते आणि संशय गॅसवर होता. पण गॅसमध्ये हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड असे कितीतरी घटक. त्यांतला गुन्हेगार कोणता?

पंचवीस पटींचे गणित

शिकागो विद्यापीठातील विल्यम क्रॉकर आणि ली नाइट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे काम हाती घेतले आणि १९०८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिला प्रश्न असा, की गॅस मातीतून मुळांवाटे शिरतो की थेट फुलावर परिणाम करतो? उत्तर मिळाले, थेट फुलावर आणि कळीवर.

दुसरा प्रश्न घटकाचा. त्यांनी हवेत दिव्याचा गॅस अत्यल्प प्रमाणात मिसळून पाहिला. हवेच्या ८०,००० भागांत गॅसचा १ भाग असला, तरी १२ तासांत उमललेली फुले मिटली. ४०,००० भागांत १ भाग असला, तर तीन दिवसांत पाकळ्या डोकावू लागलेल्या कळ्याही उघडेनाशा झाल्या. मग त्यांनी गॅसचाच एक घटक असलेला इथिलीन वायू शुद्ध स्वरूपात वापरला. आता हवेच्या २० लाख भागांत १ भाग इथिलीन १२ तासांत फुले मिटवायला पुरला, आणि १० लाख भागांत १ भाग तीन दिवसांत कळ्या रोखायला पुरला.

हे आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना भागाकार करायला सांगा. ८० हजारांच्या २५ पट २० लाख. ४० हजारांच्या २५ पट १० लाख. म्हणजे दिव्याच्या गॅसमध्ये पंचविसावा हिस्सा, म्हणजे ४ टक्के इथिलीन असेल, तर फुलांचे सारे नुकसान एकट्या इथिलीनच्या नावावर मांडता येते. कोळशाच्या गॅसमध्ये इथिलीन असते ते साधारण तेवढेच, काही टक्के. बाकीच्या घटकांवर संशय घेण्याचे कारण उरले नाही.

योगायोग असा की रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे द्मित्री नेल्युबोव यानेही १९०१ साली इथिलीनलाच पकडले होते. प्रयोगशाळेतल्या हवेत वाढवलेली वाटाण्याची रोपे सरळ वर न जाता आडवी वाढत. बाहेरच्या स्वच्छ हवेत मात्र ती नीट वाढत. इथेही कारण दिव्याच्या गॅसमधले इथिलीनच निघाले.

विष की निरोप?

इथवर इथिलीन हे बाहेरून येणारे विष ठरले होते. पण आपल्या आजीला एक गोष्ट ठाऊक होती. आंब्याच्या आढीत एक पिकला की शेजारचे पिकू लागतात. त्या आढीजवळ कुठे गॅसचा दिवा होता?

१९३४ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन याने रासायनिक पुराव्यासह दाखवून दिले की पिकणारी सफरचंदे स्वतःच इथिलीन बाहेर टाकतात. पुढे १९५९च्या सुमारास गॅस क्रोमॅटोग्राफी हे तंत्र वापरात आल्यावर इथिलीनच्या अगदी सूक्ष्म मात्रा मोजता येऊ लागल्या. फळांप्रमाणे फुले, पाने, जखमी फांद्याही हा वायू तयार करतात, हे पक्के झाले. इथिलीन हे वनस्पतीचे स्वतःचे संप्रेरक निघाले. ज्याला फूलवाले विष समजत होते, तो झाडाचा एका भागातून दुसऱ्या भागाला जाणारा निरोप होता. गळक्या नळातून येत होती ती त्या निरोपाची नक्कल.

या निरोपाचा झाडाला उपयोग काय? कार्नेशनच्या फुलात परागण झाले की इथिलीनची निर्मिती वाढते आणि पाकळ्या कोमेजतात. कीटकांना बोलावण्याचे पाकळ्यांचे काम संपलेले असते, मग त्यांच्यावर पाणी आणि अन्न का खर्च करायचे? शिवाय कोमेजणारे फूल जे इथिलीन सोडते, त्याने शेजारचे फूलही लवकर कोमेजते. म्हणून गुच्छातले सुकलेले फूल लगेच काढून टाकावे.

सर्वच फुले हा निरोप सारख्याच तीव्रतेने ऐकत नाहीत. कार्नेशन, जिप्सोफिला आणि पुष्कळ ऑर्किड फार हळवी आहेत. जरबेरा आणि शेवंती यांना इथिलीनचा फारसा त्रास होत नाही.

कारण कळल्यावर उपायही सापडला. १९७६ साली एल्मो बायर याने दाखवले की चांदीचे आयन इथिलीनचा परिणाम रोखतात. मात्र सिल्व्हर नायट्रेट देठातून वर नीट चढत नाही. १९७८ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी त्यात छायाचित्रकारांचा ‘हायपो’, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, मिसळला. त्यातून बनलेले संयुग देठातून सहज फुलापर्यंत पोचते. पेशीतल्या ज्या प्रथिनाला इथिलीन चिकटते, त्यात तांब्याचा आयन असतो. चांदी त्याची जागा घेते आणि निरोप पुढे जात नाही. पण चांदी जड धातू असल्याने उरलेले द्रावण टाकायचे कुठे, ही अडचण राहिली. १९९०च्या दशकात अमेरिकेत १-मिथिलसायक्लोप्रोपीन हा वायू हाती आला. तो तेच काम चांदीविना करतो.

वर्गात करून पाहा

कार्नेशनची ताजी फुले पाण्याच्या दोन बाटल्यांत ठेवा. प्रत्येक बाटलीवर मोठी प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी बांधा. एका पिशवीत एक-दोन पिकलेली सफरचंदे ठेवा. दोन-तीन दिवस दोन्ही सावलीत ठेवून नोंदी करा. फरक दिसला नाही, तर प्रयोग फसला असे समजू नका. दुकानातल्या फुलांवर आधीच वरीलपैकी एखादी प्रक्रिया झालेली असू शकते. जरबेरा घेऊन हाच प्रयोग केला तर काय होईल, याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधी लिहून ठेवायला सांगा.

फुले महाग वाटली, तर भिजवलेले वाटाणे दोन झाकलेल्या डब्यांत ओल्या मातीत पेरा आणि अंधारात ठेवा. मोड वर आले की एका डब्यात सफरचंद ठेवा. त्या डब्यातली रोपे बुटकी, जाड आणि वाकडी होतात का, ते पाहा.

आणि लग्नघरी कार्नेशनचा गुच्छ दिसला, तर शेजारची फळांची परडी दुसऱ्या टेबलावर हलवा. सजावटवाल्यावरचा राग मग बहुधा टळेल.