भोकरदनची हस्तिदंती मूर्ती

शासन संशोधनाला मदत करते, म्हणजे नेमके काय करते? जालना जिल्ह्यातील भोकरदनचे उदाहरण पाहू. येथे १९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन सार्वजनिक विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. त्यात सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय मूर्तीशी त्याचे साम्य होते. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोचली होती. ती कोठून गेली असावी, याचे एक संभाव्य उत्तर भोकरदनने दिले. बाजारात हा तुकडा केवळ शोभेची वस्तू ठरला असता. थरांच्या नोंदी झाल्या, १९७४ मध्ये अहवाल छापला गेला, म्हणून तो पुरावा झाला. अशा नोंदींतून नफा होत नाही. म्हणूनच त्यांचा खर्च समाजाने उचलायचा असतो.