वातीतून उतरणारा रंग

नव्यानं चित्रं काढू लागलेली मंडळी हल्ली हमखास विचारतात, मार्कर कोणते घ्यावेत? दुकानदार ऐंशी रंगांची, एकशेवीस रंगांची पेटी पुढे सरकवतो आणि माणूस भुलतो. माझं म्हणणं असं, की पेटी उघडण्याआधी या पेनाची जन्मकथा ऐकावी. निवडीची निम्मी उत्तरं तिच्यातच आहेत.

कंदिलाच्या वातीतून तेल वर चढतं, तशीच मार्करच्या टोकातून शाई कागदावर उतरते. ली न्यूमन यांनी १९१० साली अमेरिकेत नमद्याच्या टोकाच्या पेनाचं पेटंट घेतलं. पुढे १९५३ साली सिडनी रोझेन्थाल यांनी शाईची छोटी बाटली, तिच्यात लोकरीच्या नमद्याची वात आणि वर लिहायचं टोक अशी जुळणी केली. तोच 'मॅजिक मार्कर'. अशी पेनं बरीच वर्षं खोकी, बरण्या आणि पाट्यांवर खुणा करण्याच्या कामाची मानली जात. मार्कर म्हणजे खूण करणारा, नावच तसं आहे.

त्याला नाजूक टोक मिळालं ते जपानमध्ये. तिथली लिपी शतकानुशतकं कुंचल्यानं लिहिलेली. युकिओ होरिए यांनी १९६२ साली कृत्रिम धाग्यांची जुडी राळेनं बांधून टोक केलं. आपल्या शाळकरी दप्तरातलं स्केचपेन याच घराण्यातलं. त्याची शाई पाण्यातली. एकाच जागी तीनचारदा घासलं की कागदाच्या लोळ्या निघतात, मोठं आभाळ रंगवावं तर पट्टे दिसतात. त्यात मुलाच्या हाताचा दोष नसतो, शाईचा तो स्वभावच आहे. बारीक रेघ, अक्षरं, छोटी नक्षी यांसाठी मात्र स्केचपेन उत्तम, आणि परवडणारंही.

अक्षरं काढायची असतील तर तिरप्या कापाचं टोक मागा. बोरूला जो काप देतात, तोच हा. कलम हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला, आणि कलम म्हणजे मुळात बोरूच. कवीला अशा नात्यांचा मोह आवरत नाही, माफ करा.

मोठे सपाट रंग हवे होते ते जाहिरातवाल्यांना, मोटारींचे आणि इमारतींचे आराखडे काढणाऱ्यांना. त्यांच्या जुन्या मार्करमध्ये झायलीनसारखी द्रावणं असत, वास डोक्यात जाणारा आणि प्रकृतीला अपायकारक. पुढे अल्कोहोलच्या शाईनं ती जागा घेतली. जपानमध्ये १९८७ साली 'कॉपिक' मार्कर आले, ते नाव 'कॉपी'वरून पडलेलं. रेखाटनाची झेरॉक्स काढायची आणि तिच्यावर रंग भरायचा, तर झेरॉक्सची काळी रेघ विरघळता कामा नये. या शाईत ती विरघळत नाही. जपानी चित्रकथाकारांनी हे मार्कर उचलून धरले यात नवल नाही.

पण एक गोष्ट पेटीवर ठळक लिहिलेली नसते. ही सगळी चित्रं छापखान्यात जाण्यासाठी काढलेली होती. छपाई झाली की मूळ कागदाचं काम संपलं. त्यामुळे रंग उडतो का, याची फारशी फिकीर कुणाला नव्हती. अशा शाईतला रंग साखरेसारखा पूर्ण विरघळलेला असतो, आणि उजेड त्याला हळूहळू खातो. काजळाच्या शाईचं तसं नाही. तिच्यात काजळीचे घन कण कागदावर बसतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद म्हणून आजही वाचता येतात. 'साकुरा' या जपानी कंपनीनं १९८२ साली कणांची पाण्यातली शाई पेनात आणली, ती आपल्या काजळाचीच दूरची नातलग.

तेव्हा आजीचं चित्र काढून भिंतीवर लावायचं असेल, तर ते अल्कोहोल मार्करनं काढू नका. कणांच्या शाईची पेनं घ्या किंवा सरळ जलरंगांकडे वळा. वहीत ठेवायचं, स्कॅन करून पाठवायचं असेल, तर अल्कोहोल मार्करसारखी मजा नाही.

पेटी घेऊच नका. एका रंगाच्या फिक्या, मध्यम, गडद अशा तीन छटा सुट्या घ्या, आणि करड्या रंगाच्या तीन. सहा झाले. करड्यांतून सावली शिकता येते आणि चूक कमी दिसते. शाई पुन्हा भरता येते का, टोक बदलता येतं का, हे दुकानदाराला विचाराच. कागद गुळगुळीत आणि जाड हवा. खाली एक रद्दी कागद ठेवा, कारण शाई पार उतरते.

आणि घरी आल्यावर प्रत्येक मार्करची एक पट्टी कागदावर ओढा. अर्धी पट्टी पुठ्ठ्यानं झाका आणि कागद महिनाभर उन्हाच्या खिडकीत चिकटवून ठेवा. मागच्या बाजूला रंगाचा क्रमांक आणि तारीख घालायला विसरू नका.