देवगिरीचा निकाल गडाखाली

छत्रपती संभाजीनगरची छावणी मागे टाकून वेरूळच्या रस्त्याला लागले की आधी पडेगाव लागते, मग मिटमिटा, शरणापूर आणि त्यानंतर दौलताबादचा सुळका. आज पडेगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि पर्यटक ते बसच्या खिडकीतून बघून सोडून देतात. इतिहास लिहिणारेही तेच करतात. त्यांची नजर थेट गडावर जाते: तासलेले कडे, खडकात खोदलेला खंदक, अंधारी नावाचा भुयारी मार्ग. देवगिरीच्या पाडावाची चर्चाही त्यामुळे गडाभोवतीच फिरत राहते. दार कुणी उघडले, कोठारात काय सापडले, राजा बेसावध कसा राहिला, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. माझे म्हणणे असे की या गडाच्या भवितव्याचा निकाल बहुतेक वेळा गडाबाहेर, पडेगाव–मिटमिट्यासारख्या उघड्या मुलखात लागला. तिथे पीक उभे राहत होते, तिथून धान्याचे बैल जात होते, आणि मदतीला येणारी फौज आली तर तिथूनच येणार होती. पडेगावचे नाव कोणत्याही गाजलेल्या लढाईला चिकटलेले नाही, हे खरे. पण तवारिखा लिहिणारे दरबारी होते. त्यांना गडाचे आणि सरदारांचे नाव पुरे, शिवारातल्या गावाचे नाव हवे कशाला?

सुरुवात 1296 पासूनच करावी लागते. कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन आपला चुलता आणि सासरा सुलतान जलालुद्दीन याला न कळवता काही हजार स्वार घेऊन अचलपूरवरून खाली उतरला. लासूरजवळच्या घाटात यादवांच्या कान्हा नावाच्या सरदाराने त्याला अडवून पाहिले, पण अडवणे जमले नाही. युवराज शंकरदेव मुख्य फौज घेऊन दूर होता. राजा रामचंद्र गडावर गेला, शहर लुटले गेले, आणि मागून दिल्लीची मोठी फौज येते आहे अशी आवई अलाउद्दीनने उठवली. राजाने तहाचे बोलणे सुरू केले. तेवढ्यात शंकरदेव परतला आणि वडिलांचे न ऐकता लढला. ही लढाई तो जिंकण्याच्या बेतात होता, असे फेरिश्ता सांगतो. मग गडावर नजर ठेवायला मागे ठेवलेली नुसरतखानाची तुकडी धुरळा उडवत आली, ती दिल्लीचीच फौज समजून यादवांचे सैन्य पांगले. त्यानंतर वेढा पुन्हा आवळला आणि गडावरच्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे.

मिठाच्या गोण्या आपल्या मनात इतक्या रुतल्या आहेत की त्यांच्याकडे जरा शंकेने पाहावे. फेरिश्ता सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिणारा. अमीर खुस्रो, बरनी आणि इसामी हे घटनेच्या कितीतरी जवळचे साक्षीदार. म्हणून गोण्यांचा तपशील जसाच्या तसा मानावा असे मला वाटत नाही. पण गोष्ट खोटी धरली तरी तिच्यातून एक खरी माहिती मिळते. फेरिश्ता विजापूरला जाण्याआधी अहमदनगरच्या दरबारात होता. दौलताबाद कसा पडतो हे दख्खनमधल्या जाणत्या लोकांना ठाऊक होते, आणि त्या ठाऊक असण्यातूनच ही कथा तयार झाली असावी. कथेत ना भिंत फुटते, ना शिडी लागते. गड पडतो तो पोटामुळे. शिवाय गोण्यांआधीच खरा निकाल लागून गेला होता: सुटका करायला आलेली फौज सपाटीवर मोडली होती. ती मोडली नसती तर गोण्यांत मीठ आहे की ज्वारी याला महत्त्व उरले नसते.

यावर पहिला आक्षेप नेहमीचाच येईल: यादव कर्मकांडात बुडाले होते, त्यांचा प्रधान हेमाद्री याने व्रतवैकल्यांचा पसारा मांडला, राज्य पोकळ झाले, मग पडणारच. हा आरोप ऐकायला सोपा आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. याच घराण्याच्या सिंघणाने दक्षिणेत आणि गुजरातेत मोहिमा काढल्या. त्याचा सेनापती खोलेश्वर याचे पराक्रम अंबाजोगाईच्या शिलालेखांत कोरलेले आहेत. रामचंद्रालाही लढाईचा तिटकारा नव्हता. उलट अडचण अशी की यादवांची फौज नेहमी बाहेर, दुसऱ्याच्या मुलखात लढायला सरावलेली होती, आणि राजधानीच्या अंगणात रसद व वाटा राखण्याची वेळ तिच्यावर क्वचितच आली होती. गड अभेद्य आहे या भरवशावर अंगण मोकळे सोडले गेले. हा दोष व्यवस्थेचा आहे. तो व्रतांच्या यादीवर ढकलून काही समजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1296 मध्ये पडलेला गड आणि आज दिसणारा गड एक नव्हेत. अंबरकोट, महाकोट, कालाकोट अशा तटांच्या रांगा, तोफांचे बुरूज हे बरेचसे काम यादवांनंतरचे आहे. मग कच्च्या देवगिरीवरून पक्क्या दौलताबादचा नियम कसा बांधायचा? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर नंतरच्या वेढ्यांतच शोधले पाहिजे.

1347 घ्या. महंमद तुघलकाने वीस वर्षांपूर्वी ज्या गावाला राजधानीचा मान दिला होता, तिथेच त्याच्या अमीरांनी बंड केले आणि इस्माईल मुख याला सुलतान म्हणून पुढे केले. तुघलक स्वतः चालून आला, त्याने मैदानात बंडखोरांना हरवले, आणि इस्माईल बालेकिल्ल्यात जाऊन बसला. इथपर्यंत 1296 चीच पुनरावृत्ती. पण दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. गुजरातेत तघीने बंड केले म्हणून तुघलकाला निघून जावे लागले, आणि हसन नावाचा सरदार आपले लोक घेऊन बाहेर शाबूत राहिला. हसनने सुलतानाचा सेनापती इमादुल्मुल्क याला मैदानात मारले आणि तो दौलताबादकडे वळला तेव्हा वेढा घालणाऱ्यांनी काढता पाय घेतला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो अलाउद्दीन बहमनशहा म्हणून तख्तावर बसला. गडाने इथे आपले काम चोख केले. ते काम म्हणजे वेळ काढून देणे. पण त्या वेळेचे सोने करणारा माणूस बाहेर होता. आणि नव्या सुलतानाने पुढे काय केले? राजधानी गुलबर्ग्याला नेली. गडामुळे आपण वाचलो असे त्याला वाटले असते तर तो हलला नसता.

पुढच्या शतकाच्या अखेरीस हाच धडा अहमद निजामशहाने उलट बाजूने वापरला, आणि मला तर दौलताबादच्या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो. बहमनी राज्य मोडत असताना गड मलिक वजीह आणि मलिक अशरफ या भावांकडे होता. अशरफने वजीहला मारले आणि तो एकटाच किल्लेदार उरला. अहमद तटावर डोके आपटत बसला नाही. त्याने दौलताबादच्या वाटेवर अहमदनगर वसवले, आणि तिथून दरवर्षी पीक हाताशी येण्याच्या सुमारास फौज धाडून दौलताबादभोवतालची शेते उद्ध्वस्त करायला सुरुवात केली. आजच्या पडेगावच्या शिवारातल्या कुणब्याने खरिपाची कणसे कापायला यावीत आणि ती आधीच घोड्यांच्या पोटात गेलेली असावीत, असा हा प्रकार. त्यात वीरश्री शोधून सापडणार नाही. पण 1499 मध्ये अशरफ मेला तेव्हा शिबंदीने गडाच्या किल्ल्या अहमदच्या हाती दिल्या. सुळका तसाच उभा होता. त्याला खाऊ घालणारा मुलूख मात्र उरला नव्हता.

1633 मध्ये तर तट पुरते मजबूत झालेले होते आणि समोर होती त्या काळची सर्वांत श्रीमंत फौज. मलिक अंबरचा मुलगा फतेहखान आत, मोगल सेनापती महाबतखान बाहेर. इथे आक्षेप घेणारा म्हणेल की सुरुंगांनी अंबरकोट फुटला, महाकोटही फुटला, म्हणजे निकाल भिंतीतच लागला. सुरुंग लागले हे खरेच. पण बाहेरचे तट फुटल्यावरही कालाकोट आणि वरचा कडा उभेच होते, आणि ते हल्ल्याने घेण्याचा प्रसंग महाबतखानावर आला नाही. 1630 ते 1632 च्या भयंकर दुष्काळाने मुलूख आधीच ओस पडलेला होता. गडात धान्य संपत आले, रोगराई पसरली. बाहेरून शहाजीराजे आणि विजापूरचे रणदुल्लाखान व मुरारपंत यांनी रसद आत पोचवण्याची शिकस्त केली. मोगलांनी ती वाट दाबून धरली आणि स्वतःची रसद मात्र बऱ्हाणपूर आणि जफरनगरच्या बाजूने आणत राहिले. त्या तांड्यांवरच्या चकमकी हीच खरी लढाई. पूर्वेकडून येणारे असे तांडे खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ओलांडून दौलताबादकडे जात असणार, म्हणजे आजच्या पडेगावच्याच टापूतून. जूनमध्ये फतेहखानाने गड सोडला आणि बालसुलतान हुसेन निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. हत्ती हौदासारख्या टाक्यांमुळे गडाला पाण्याची सोय होती. धान्य खडकात उगवत नाही, एवढीच त्याची उणीव, पण ती भरून काढणे कुणालाच जमले नाही. उत्तरेतही हेच दिसते: 1301 साली रणथंबोर पडला तेव्हा आत तांदूळ सोन्याच्या भावाने विकला जात होता, असे अमीर खुस्रो लिहून ठेवतो.

मग पाच शतके लोक या गडासाठी का झुंजले? गड निरुपयोगी असता तर त्याच्यावर एवढा पैसा ओतला नसता, हा तिसरा आक्षेप. गड निरुपयोगी होता असे मी म्हणतच नाही. खजिना, दारूगोळा आणि कैदी ठेवायला त्याच्याइतकी चांगली जागा नव्हती. गोवळकोंड्याचा अबुल हसन तानाशहा इथेच कैदेत राहिला. वेढ्यात तो मालकाला महिने मिळवून देत असे. पण त्या महिन्यांचे काय करायचे हे गड ठरवू शकत नव्हता. 1296 मध्ये आलेली मदत मोडली, 1347 मध्ये ती टिकली, 1633 मध्ये ती आत पोचलीच नाही. तीन वेढे आणि तीन निकाल, आणि त्यांचा फरक कड्याच्या उंचीने समजावता येत नाही, कारण ती तिन्ही वेळा एकच होती.

हे मलिक अंबरला पुरेपूर कळले होते, असे त्याच्या वसाहतीवरून म्हणता येते. दौलताबाद हाताशी असताना 1610 मध्ये त्याने सपाटीवरच्या खडकीला शहर केले आणि उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालच्या नहरींनी तिथे पाणी आणले. त्याची लढायची रीतही तीच: मोगलांची मोठी फौज समोरासमोर अंगावर न घेता त्यांची रसद तोडायची, तांडे लुटायचे, छावणी उपाशी ठेवायची. ज्या माणसाचे सारे युद्धशास्त्र रसदेवर उभे होते, त्याने आपले शहर गडावर न वसवता रस्त्यांच्या तिठ्यावर वसवले, यात नवल नाही. औरंगजेबानेही सुभेदार म्हणून खडकीच निवडली, तिला आपले नाव दिले, आणि पुढे मराठ्यांच्या धाडी वाढल्यावर 1682 मध्ये त्या शहरालाच तट घातला. दौलताबाद जवळच होते, पण दरबार, बाजार आणि कचेऱ्या तिकडे परत गेल्या नाहीत. गड आणि शहर यांच्यामधल्या या थोड्या कोसांत राज्यकर्त्यांच्या वास्तव्याचा कल कायमचा पालटला, आणि माझ्या मते दख्खनच्या मध्ययुगातले वळण शोधायचे तर 1296 च्या दरवाजापेक्षा इथे शोधावे.

3 फेब्रुवारी 1760 रोजी सदाशिवरावभाऊंच्या फौजेने उदगीरला निजामाला कोंडीत पकडून तहाला भाग पाडले. त्या तहात निजामाने अशीरगड, बऱ्हाणपूर आणि विजापूर यांच्याबरोबर दौलताबादही मराठ्यांना लिहून दिला. रामचंद्रदेवाची राजधानी जवळजवळ साडेचारशे वर्षांनी अशी परत आली, आणि तिच्या खंदकावर त्यासाठी एक गोळीसुद्धा झाडावी लागली नाही.