औषधाच्या चिठ्ठीवरचे ‘आरएक्स’, ‘टीडीएस’ आणि ‘एसओएस’ म्हणजे काय?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांच्या आधी आर हे अक्षर आणि त्याच्या पायावर तिरकी रेघ असते. त्याला आपण ‘आरएक्स’ म्हणतो. लॅटिनमधल्या ‘रेकिपे’ या शब्दाची ती खूण आहे. ‘रेकिपेरे’ म्हणजे घेणे आणि ‘रेकिपे’ हे त्याचे आज्ञार्थी रूप, म्हणजे ‘घे’. गंमत अशी, की ही आज्ञा रुग्णाला नाही. पूर्वी औषध कुटून-मिसळून तयार करावे लागे. ते बनवणाऱ्याला डॉक्टर सांगत, अमुक इतके घे आणि मिसळ. स्वयंपाकातली ‘रेसिपी’ हाही तोच शब्द.

तुमच्यासाठीची सूचना गोळीच्या नावापुढे असते. ‘बीडी’ म्हणजे ‘बिस दिए’, दिवसातून दोनदा. ‘टीडीएस’ (हा पगारातून कापतात तो नव्हे!) म्हणजे ‘तेर दिए सुमेंदुम’, दिवसातून तीनदा घ्यायचे. ‘सुमेरे’ म्हणजेही घेणेच. त्याचे ‘सुमेंदुम’ हे रूप आपल्या ‘घ्यायचे’सारखे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘एसओएस’चा. मूळ शब्द ‘सी ओपुस सित’, म्हणजे गरज असेल तर. यातले ‘असेल तर’ फार महत्त्वाचे. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर, गुडघे धरले म्हणून लिहून दिलेली दुखण्याची गोळी काही जण रोज, महिनोन् महिने घेत राहतात. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अशा घेतल्या तर पोटात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. बीपी, शुगर किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना धोका जास्त. शौचाला डांबरासारखी काळी झाली, लघवी कमी झाली किंवा पाय सुजले, तर गोळी थांबवून लगेच दाखवा. ‘एसओएस’ दिसले की तिथेच विचारून घ्या: कोणत्या त्रासाला घ्यायची, दोन गोळ्यांत किती तासांचे अंतर ठेवायचे आणि दिवसात जास्तीत जास्त किती?

‘एचएस’ म्हणजे ‘होरा सोम्नी’, झोपेच्या वेळी. घड्याळातले रात्रीचे दहा असा त्याचा अर्थ नाही. जालन्याच्या स्टील कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्याने गुंगी आणणारी गोळी रात्री दहाला घेतली, तर तो भट्टीजवळ पेंगलेला असेल. त्याची झोपेची वेळ सकाळी. म्हणून चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना तुमची पाळी सांगा. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर तेही सांगा.