गुरूची खरखर

प्रयोगवहीतले एखादे वाचन बाकीच्यांशी जुळले नाही, की मुले ते हळूच खोडून टाकतात. खरे तर आपल्यालाही तो मोह होतो. अशा वेळी वर्गात सांगावी अशी ही हकिगत.

१९५५ च्या सुरुवातीला अमेरिकेत, मेरिलँडमधील सेनेका गावाजवळच्या शेतात कार्नेगी संस्थेचे बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन हे फुलीच्या आकारात मांडलेल्या अँटेनांनी आकाशाचे निरीक्षण करीत होते. वारंवारता होती २२.२ मेगाहर्ट्झ. काही रात्री आलेखावर थोडा वेळ वेडीवाकडी खरखर उमटे. रात्री उशिरा घरी परतणाऱ्या एखाद्या शेतमजुराच्या मोटारीतल्या ठिणग्यांमुळे असे होत असावे, हा पहिला अंदाज.

पण मोटार घड्याळाप्रमाणे येते, तर तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात. ही खरखर ताऱ्यांचे वेळापत्रक पाळत होती. म्हणजे ती आकाशातून येत होती. शिवाय तिची जागा ताऱ्यांमध्येही सावकाश सरकत होती आणि असे सरकतात ते ग्रह! पंचांग उघडले, तेव्हा त्या जागी गुरू सापडला. एप्रिल १९५५ मध्ये हा शोध जाहीर झाला.

ही बातमी ऐकून ऑस्ट्रेलियात सी. ए. शेन यांनी १९५०-५१ मधील १८.३ मेगाहर्ट्झच्या आपल्या जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. ज्याला तेव्हा पृथ्वीवरचा व्यत्यय मानून बाजूला ठेवले होते, त्यातच गुरूच्या लहरी होत्या! शोधाचा मान हुकला. पण नोंदी फेकून दिलेल्या नव्हत्या, म्हणून त्यातून शेन यांनी दाखवून दिले की या लहरी गुरूच्या सुमारे ९ तास ५५ मिनिटांच्या परिवलनाशी बांधलेल्या आहेत.

पुढे १९६४ मध्ये ई. के. बिग यांना आढळले, की गुरूचा उपग्रह आयो त्याच्या कक्षेत कोठे आहे, यावरही ही खरखर अवलंबून असते. कारण असे: गुरूचे चुंबकावरण गुरूबरोबर फिरते आणि त्यातून आयो जाताना विद्युतप्रवाह निर्माण होतो. चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत ध्रुवांकडे धावणारे इलेक्ट्रॉन या रेडिओलहरी सोडतात. क्षेत्र जितके तीव्र, तितकी वारंवारता जास्त. सुमारे ४० मेगाहर्ट्झच्या वर ही खरखर थांबते. त्यावरून उगमापाशी क्षेत्र सुमारे १४ गाउस असल्याचे कळते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर ते एक गाउसही नसते. १९७३ मध्ये पायोनियर-१० यानाने गुरूजवळ जाऊन चुंबकीय क्षेत्र प्रत्यक्ष मोजले.

तेव्हा न जुळणारे वाचन खोडायला लावू नये. त्यापुढे तारीख आणि वेळ लिहायला सांगावी. बहुतेकदा ती चूकच निघेल. पण खोडलेल्या नोंदीतून चूकही शिकता येत नाही आणि गुरूही सापडत नाही.