पेल्याचें माप

पिण्याच्या भांड्यांना आपल्या भाषेंत नांवें पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील दोन नांवांचें नशीब मोठें विचार करण्याजोगें आहे. ‘चषक’ हा शब्द संस्कृतांतला, मद्यपानाशीं जुनें नातें असलेला. आज तो सामना जिंकणाऱ्याच्या हातांत उंच दांड्यावर चढून बसला आहे, आणि त्यांतून कोणी थेंबही पीत नाहीं. ‘पेला’ हा फारसींतून आला. त्यानें मद्याची संगत सोडली, पाण्याच्या माठाशेजारीं जागा धरली, आणि तो घरचा झाला. एक भांडें मिरवण्याचें झालें, दुसरें वापरण्याचें. हाच भेद इटलीच्या जेवणाच्या मेजावरही दिसतो.

इटलींतील साध्या खाणावळींत रोजच्या जेवणाबरोबर येणारी वाइन पुष्कळदां लहानशा, बिनदांड्याच्या, जाड बुडाच्या कांचेच्या पेल्यांतून देतात. आपल्याकडचें फुलपात्र कांचेचें केलें तर जसें दिसेल तसेंच तें दिसतें. उंच दांड्याच्या पेल्याला त्याची कारणें आहेत. हाताची ऊब थंड मद्याला लागूं नये म्हणून दांडा, आणि सुगंध कोंडून राहावा म्हणून फुगीर पोट. परंतु जी वाइन पोळीभाजीसारखी रोजची आहे, तिचा वास घेत बसण्यास कोणास वेळ आहे? तिला धक्का लागून न कलंडणारें, सहज धुतां येणारें आणि थोडेंच मावणारें भांडें हवें. याच इटलींत, १२९१ सालीं आगीच्या भयानें व्हेनिसच्या कांचभट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या गेल्या. पुढें तेथील कारागिरांनीं नाजूक दांड्यांचे अपूर्व चषक घडविले. पण ते श्रीमंतांच्या मेजवानीचे होते.

स्वस्त कांचेचा हा पेला फार जुना आहे. फुंकून कांच करण्याची युक्ति ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत निघाली, आणि कांचेचें पात्र सामान्यांच्या हातीं आलें. रोममध्यें कांचेचा एक लहान पेला तांब्याच्या एका नाण्यास मिळतो, असें स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानें लिहून ठेवलें आहे. त्याच सुमाराच्या जगांत आपला किनाराही होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तींत मद्य आहे, विशेषेंकरून इटलीचें; आणि कच्ची कांचही आहे. सोपारा व कल्याण यांचीं नांवेंही त्या ग्रंथांत येतात. ज्या दुकानी कुंभांतून असें मद्य येई, त्यांचीं खापरें नेवासें, जुन्नर, तेर व घारापुरी येथें सांपडलीं आहेत. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत सोपाऱ्याचा आणि डहाणूचा उल्लेख आहे. तेव्हां घाट व किनारा यांचा व्यवहार तेव्हांपासूनचा. आणि सोपाऱ्याहून सरळ नाशिककडे पाहिलें तर मध्यें सह्याद्रीच्या ज्या उतरणी येतात, त्यांतच जव्हार, मोखाडें आणि मोखाड्याच्या डोंगरावरील सूर्यमाळ हीं आहेत.

सूर्यमाळच्या रानांत द्राक्ष नाहीं, मोह आहे. या भागांत वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी असे लोक राहतात. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं गरदार फुलें पहाटे गळून पडतात, आणि बायकामुलें तीं टोपल्यांत वेंचतात. हें फूल निव्वळ दारूचें साधन नव्हे. टंचाईच्या दिवसांत तें पोटालाही आधार देतें. वाळविलेलीं फुलें आंबवून मडक्यांत जें मद्य गाळतात, तें देवाला, पितरांना, लग्नाला आणि पाहुण्याला लागे. रानांत भांडें जवळ नसलें तर पळसाचें पान खुडावें, दुमडावें आणि त्याचा द्रोण करावा. या पेल्याला दांडा नाहीं, बूडही नाहीं. खालीं ठेवला तर तो कलंडतो. म्हणून हातांतच धरावा लागतो. तो स्वतः भरून घेतां येत नाहीं, दुसऱ्यानें ओतावें लागतें. त्यांत थोडेंच मावतें, आणि किती वेळां ओतावयाचें तें ओतणारा हात ठरवितो. गाळलेल्या मद्याची तीव्रता वाइनहून पुष्कळ अधिक. तेव्हां माणसाला आवर घालण्याचें काम त्या पानानें थोडें तरी केलें असेल, असें मला वाटतें.

हें माप पुढें बदललें. मोखाडें इंग्रजांच्या ठाणें जिल्ह्यांत होतें, तर जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान, जें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें दारू गाळणें व ताडी काढणें सरकारी पकडींत आलें. १८९२ च्या मोहाच्या कायद्यानें तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत नुसतें फूल बाळगण्यावरही निर्बंध घातले. आपल्याच अंगणांत पडलेलें फूल वेंचणारी बाई गुन्हेगार ठरूं लागली. दारू थांबली नाहीं. ती घरांतून ठेकेदाराच्या दुकानांत गेली. तेथें ओतणारा हात आप्ताचा नव्हता, विकणाऱ्याचा होता. आणि अधिक ओतण्यांत त्याचा लाभ होता. उधारीची वही पानाच्या द्रोणापेक्षां फार खोल असते.

याचा जाब लोकांनींच दिला. १९२२ सालीं पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांतून एका देवीची चळवळ उठली, आणि आदिवासी मुलुखांतून पसरत वर्षअखेरीस ती दक्षिण गुजरातेंत पोंचली. अंगांत आलेल्या भक्तांच्या मुखानें देवी सांगे: दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानें १९८७ सालीं या चळवळीवर ग्रंथ लिहिला. कोणी तिला केवळ सुधारणेचें अनुकरण म्हणेल. मला तींत स्वाभिमान दिसतो. ज्या पेल्याचें माप आपल्या हातीं उरलें नाहीं, तो पेला त्या लोकांनीं उपडा घातला.

पुढें १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. २००१ सालीं महाराष्ट्रानें द्राक्षमद्याच्या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण आंखलें, आणि सूर्यमाळच्या डोंगरांपलीकडे नाशिकच्या मळ्यांतील वाइन शहरांतल्या घरांत येऊं लागली. मोहाच्या फुलावरील निर्बंध उठावयास मात्र २०२१ साल उजाडावें लागलें. द्राक्षाला जें वीस वर्षे आधीं मिळालें तें मोहाला मागाहून मिळालें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

कोणी प्यावें कीं न प्यावें, हें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं जेवणाबरोबर साधी वाइन येते, त्यांनीं पाहुण्यांवर छाप पाडणारे उंच चषक कपाटांतच राहूं द्यावे. तळहातांत मावणारा, दीडशें-दोनशें मिलिलिटरांचा, सरळ कडांचा पेला घ्यावा. तो निम्माच भरावा, आणि तो दुसऱ्यानें भरावा. त्याच पेल्यांत दुसऱ्या दिवशीं मुलांना पाणी देतां आलें, म्हणजे निवड बरोबर झाली असें समजावें.