नकाशा कोणाच्या कामाचा?

नकाशा दिसला की आपण त्याला पुरावा मानतो. वर्गाच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा असो की तलाठ्याच्या दप्तरातला गावनकाशा, कागदावर रेघ ओढलेली दिसली की वाद थांबतो. ग्रंथप्रामाण्याविरुद्ध लढलेल्या समाजाने ही सवय तपासून पाहिली पाहिजे. नकाशा खोटाच असतो असे नव्हे. परंतु प्रत्येक नकाशा कोणते तरी काम नजरेपुढे ठेवून केलेला असतो, आणि ते काम कोणाचे हे ओळखल्याशिवाय तो वाचता येत नाही.

पृथ्वी गोल, कागद सपाट. मोसंबीचे साल फाडल्याशिवाय किंवा ताणल्याशिवाय टेबलावर सपाट बसत नाही. वक्र पृष्ठाचा हा स्वभाव गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली सिद्धच केला. गोलावरील अक्षवृत्ते व रेखावृत्ते कागदावर उतरविण्याच्या पद्धतीला भूगोलात प्रक्षेपण म्हणतात. एखादे प्रक्षेपण कोन आणि लहान प्रदेशाचा आकार राखते, एखादे क्षेत्रफळ राखते, एखादे ठराविक बिंदूपासूनची अंतरे राखते. कोन आणि क्षेत्रफळ दोन्ही सर्वत्र राखणारे प्रक्षेपण असूच शकत नाही. एक धरायचे तर दुसरे सोडावे लागते. काय धरायचे आणि काय सोडायचे हे गणित ठरवीत नाही, माणूस ठरवितो.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मर्केटरचे. १५६९ साली त्याने केलेला नकाशा दर्यावर्दींसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग त्यावर सरळ रेषेत येतो. त्यासाठी ध्रुवांकडे जाताना नकाशा अधिकाधिक ताणावा लागतो. समुद्रावर हे उत्तम हत्यार होते. पण पुढे हाच नकाशा जगभरच्या शाळांत लागला, आणि मुलांना ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसू लागला. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट मोठी आहे. आपला भारतही ग्रीनलंडच्या दीडपट आहे. राज्यकर्त्यांचा युरोप भव्य आणि वसाहतींचा उष्ण प्रदेश आखडलेला, असे चित्र पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत मुरले. मर्केटरच्या मनात हे नव्हते. पण एका कामाचे हत्यार दुसऱ्या कामाला लावले आणि त्याबद्दल कोणी विचारले नाही, की अन्याय असाच शिरतो.

याविरुद्ध १९७३ साली अर्नो पेटर्स या जर्मन इतिहासकाराने बॉन येथे समक्षेत्र नकाशा मांडला. त्याची रीत जेम्स गॉल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८५५ मध्येच सांगितली होती. या नकाशात प्रत्येक देशाला त्याच्या क्षेत्रफळाएवढी जागा मिळते. मात्र आकार बिघडतात, विषुववृत्ताजवळचे देश लांबुळके होतात. नकाशाशास्त्रज्ञांनी त्यावर कठोर टीका केली. पण ही टीका मर्केटरचा नकाशा वर्गात टांगला जात असताना फारशी ऐकू आली नव्हती. पुढे क्षेत्रफळ राखून आकारही बराच सांभाळणारे ‘इक्वल अर्थ’ प्रक्षेपण २०१८ साली आले, आणि मर्केटर हटवून असा नकाशा लावण्याच्या मोहिमेला २०२५ मध्ये आफ्रिकी संघाने पाठिंबा दिला.

हे सारे दूरदेशीचे वाद वाटत असतील, तर कोथरूड घेऊ. एके काळचे पुण्यालगतचे खेडे, आज शहराचा गजबजलेला भाग. तरी इमारतींच्या पत्त्यांत सर्व्हे नंबर अजून टिकून आहे. हे ठिकाण सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर येते. तेथे एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, चौरस जमीन कल्पावी. मर्केटरच्या नकाशावर तिचा चौरस चौरसच राहील. पण विषुववृत्तावरचे प्रमाण धरून मोजल्यास ती साडेचव्वेचाळीस गुंठे भरेल. तीच जमीन लंडनमध्ये असती तर एकशे तीन गुंठे भरली असती! पेटर्सच्या नकाशावर ती चाळीसच गुंठे राहील, पण रुंदीच्या पावणेदोनपटीहून अधिक उंच झालेली दिसेल. मोबाइलवरचे नेहमीचे नकाशे मर्केटरच्याच एका रूपावर बसविलेले असतात. चांगली साधने क्षेत्रफळ वेगळे गणित करून काढतात. पण नकाशाच्या सपाट मापांवरून थेट हिशेब केला, तर एकरामागे साडेचार गुंठ्यांची चूक होते. वतनाच्या तुकड्यावर पोट असलेल्या घराला ही चूक लहान नाही.

जमिनीच्या कामाला म्हणून दुसरी प्रक्षेपणे वापरतात. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी स्थलदर्शक पत्रके बहुशंकू प्रक्षेपणावर होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका केल्या. एक संरक्षणासाठीची, आणि दुसरी सर्वांना खुली असलेली, आडव्या मर्केटरवरची. आडव्या मर्केटरमध्ये दंडगोल आडवा करून सहा-सहा अंशांच्या पट्ट्या घेतात. त्यामुळे ताण फार वाढत नाही. कोथरूडच्या एकरात फरक पडतो तो वीस चौरस फुटांच्या आत. तोच मर्केटर, पण कामाप्रमाणे फिरविलेला.

आणि गावनकाशा? त्याला प्रक्षेपणाची गरज जवळजवळ नसतेच. एका गावाच्या विस्तारात पृथ्वीच्या गोलाईने पडणारा फरक साखळीच्या चुकीहूनही लहान असतो. तेहतीस फुटांच्या साखळीने मोजले, तेहतीस गुणिले तेहतीस फुटांचा गुंठा धरला, चाळीस गुंठ्यांचा एकर केला. गणिताच्या दृष्टीने हा सर्वांत निर्दोष नकाशा. पण येथेच आपण सावध झाले पाहिजे. साखळी येण्यापूर्वी शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष घेत. गावाची शीव त्याच्या पायांना ठाऊक होती. ज्याने शीव राखली त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर. इंग्रजी मोजणी सारा वसुलीसाठी होती. साऱ्याची शेते नंबरवार आखली गेली. गावठाण एक सलग तुकडा म्हणून सुटले. कोणाचे घर कोठे, कोणाची वाट कोणी अडविली, पाणवठा कोणाला बंद, हे त्या निर्दोष नकाशावर आलेच नाही. गावठाणांतील घरे ड्रोनने मोजण्याची स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली, इतका हा उशीर.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी बिल मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि जमिनी वतनदारांना शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली. शर्त कागदावर, जमीन कागदावर, हद्दही कागदावर. शहरे पसरली तेव्हा हे कागद ज्यांना वाचता आले, त्यांचे फावले.

म्हणून जगाचा नकाशा पाहताना विचारावे : यात काय राखले आहे आणि काय ताणले आहे? गावाचा नकाशा पाहताना विचारावे : यात काय मोजले आहे आणि काय मोजलेच नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणित देते. दुसऱ्याचे उत्तर मिळवायला भूमी अभिलेख कार्यालयात जावे लागते, मोजणीची नक्कल मागावी लागते, आणि ती घेऊन हद्दीच्या दगडापर्यंत चालत जावे लागते. शिक्षकांनी वर्गात पहिला प्रश्न शिकवावा. कार्यकर्त्यांनी वस्तीत दुसरा. प्रक्षेपण बदलल्याने आफ्रिकेला तिचा आकार परत मिळतो. जमिनीचा हक्क मात्र हद्दीवर उभे राहूनच मागावा लागतो.